रोह्याचं बंदर आणि मिठाची गोणी

वरसे हे गाव मुद्दाम शोधत जावं लागत नाही. रोहा स्टेशनवर उतरून कोलाडच्या रस्त्याला लागलं, की रोहा कुठं संपला आणि वरसे कुठं सुरू झालं हे नव्या माणसाला कळतच नाही. दुकानं, दवाखाने, नव्या इमारती, क्लासच्या पाट्या, मध्येच एखादं जुनं कौलारू घर आणि पुढं धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या. कारखान्यांत नोकरीला आलेली कुटुंबं इथंच स्थिरावली. आमच्या ह्यांच्या चुलतभावाचं बिऱ्हाडही असंच वरश्याला आहे. गेल्या थंडीत आम्ही चार दिवस तिकडं राहून आलो.

रायगड जिल्ह्यात माणसं येतात ती अलिबागच्या वाळूसाठी, मुरुडचा जंजिरा पाहायला, नाहीतर कोलाडला कुंडलिकेत रबरी होड्यांतून हुंदडायला. वरश्याला ‘पाहायला’ म्हणून कुणी येत नाही. पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर मीही विचारलं, “इथं जवळपास बघण्यासारखं काय आहे?” तेव्हा आमच्या काकी, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, वय अठ्ठ्याऐंशी पण कान तिखट, आतून म्हणाल्या, “बंदरावर जाऊन ये की!”

मला वाटलं काकींचा काहीतरी घोटाळा झाला. समुद्र तर रेवदंड्याला, इथून तीस-पस्तीस किलोमीटर. इथं कसलं बंदर?

“अगं, रोह्याचं बंदर! आमच्या लहानपणी भात मुंबईला जायचं ते काय डोक्यावरून जायचं? पडावातून जायचं.”

आणि मग मैत्रिणींनो, पुढचे तीन दिवस मी काकींच्या मागं लागले, ह्यांच्या चुलतभावाच्या कपाटातली पुस्तकं चाळली आणि संध्याकाळी नदीकाठच्या वाटेवर फिरून आले. जे हाती लागलं ते तुम्हांला सांगावंसं वाटलं, कारण ती गोष्ट शेवटी आपल्या मिसळणाच्या डब्यापर्यंत येते.

कुंडलिका घाटाखाली उतरते, भिऱ्यावरून, कोलाडवरून रोह्याला येते आणि रेवदंड्याशी समुद्राला मिळते. टाटांचं भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं, त्याचं सोडलेलं पाणी हिच्यात येतं, म्हणून उन्हाळ्यातही ही नदी कोरडी पडत नाही. आता ह्या नदीची गंमत अशी, की रोह्याच्या खालच्या अंगाला ती नदी राहत नाही, खाडी होते. समुद्राची भरती थेट इथवर चढते. जुन्या लोकांनी ह्याचाच फायदा घेतला. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत वर आणायचं, माल भरायचा आणि ओहोटीला सोडून द्यायचं. ना डिझेल, ना बैल. नदीच्या डाव्या काठाला रोहा, पलीकडच्या काठाला अष्टमी. म्हणून जुन्या कागदांत दोन्ही नावं जोडीनं येतात, रोहा-अष्टमी. रोह्याची ख्याती होती तांदळाची मोठी बाजारपेठ म्हणून, आणि गिऱ्हाईक होतं मुंबई शहर. पोह्यांचं नाव पेणइतकंच रोह्यालाही आहे. काकींच्या हातचे दडपे पोहे खाल्ल्यावर माझं मत रोह्याकडं झुकलं, पण पेणच्या मैत्रिणींनी रागावू नये.

ह्या वाटेनं एक मोठा पाहुणा गेला आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईच्या इंग्रजांनी हेन्री ऑक्झिंडेन नावाचा आपला वकील रायगडावर पाठवला. तो मुंबईहून चौलला आला, तर रात्र झालेली आणि पोर्तुगीजांच्या शहराचे दरवाजे बंद! पुढं तो होडीनं खाडी चढत अष्टमीला आला आणि तिथून पालखीनं निजामपूरच्या वाटेनं रायगडाकडं गेला. इंग्रजी कागदांत अष्टमीचं ‘एस्थेमी’ झालं आहे. आपण शाळेत शिकतो की ऑक्झिंडेननं राज्याभिषेक पाहिला, नजराणा दिला. तो खरा आला होता जकातीसाठी. महाराजांच्या मुलखात इंग्रजांना व्यापार करू द्यावा आणि त्यांच्या मालावर शेकडा अडीच जकात असावी, हे त्याला कागदावर हवं होतं आणि ते त्यानं मिळवलं. आणखी एक मागणी होती, की वादळात फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल परत द्यावा. त्याला मात्र महाराजांकडून नकार आला, कारण ते कोकणच्या रिवाजाला धरून नव्हतं. शेकडा अडीच ह्या हिशेबासाठी माणूस कुठून कुठं येतो पाहा. बंदर म्हटलं की जकात आलीच.

पुढं चित्र उलटं झालं. ज्यांनी जकात कमी करून घ्यायला पालखीतून प्रवास केला, तेच जकात घेणारे झाले. पेशवाई १८१८ साली गेली. अलिबागच्या आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० मध्ये वारस नाही म्हणून खालसा झालं. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. (१ जानेवारी १९८१ पासून त्याला आपण रायगड म्हणतो. काकी अजून कुलाबाच म्हणतात.) रेवदंड्याच्या खाडीपलीकडं दक्षिणेला जंजिऱ्याचं सिद्दीचं संस्थान राहिलं. म्हणजे एकाच खाडीच्या ह्या तीरावर एकाचा कायदा आणि त्या तीरावर दुसऱ्याचा. सासर आणि माहेर असं समोरासमोर असलेल्या बायकांच्या गाठोड्यांत काय काय जात-येत असेल, ह्याची कल्पनाच करावी.

इंग्रजांच्या कारभारात सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. त्याआधी वाटेवाटेवर नाके असायचे, दर दहा-वीस कोसांवर मालाला हात पसरणारा कुणीतरी उभा. मुंबई इलाख्यातली ही वाटेवरची जकात १८३८ च्या कायद्यानं बंद झाली. १८४८ मध्ये एका देशी बंदरातून दुसऱ्या देशी बंदरात जाणाऱ्या मालावरची जकातही उठली. म्हणजे रोह्याचा तांदूळ मुंबईला न्यायचा तर त्यावरचं ते ओझं गेलं. खांदेरीवर १८६७ साली दीपगृह उभं राहिलं, किनाऱ्याचे नकाशे झाले, खडकांच्या खुणा झाल्या. तांडेलाच्या बायकोला त्या दिव्याची किंमत विचारावी. हे सगळं जमेच्या बाजूला.

पण एका वस्तूवर सरकारनं जी मूठ आवळली ती जवळजवळ शंभर वर्षं सोडली नाही. ती वस्तू म्हणजे मीठ.

आपला हा सगळा भाग मिठाचा. पेण, उरण, पनवेल इथल्या खाड्यांच्या काठानं मिठागरं पसरलेली. भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात खेळवायचं, उन्हानं आटवायचं आणि पांढरा थर ओढून काठाला रास करायची. आगरी समाजातली घरंच्या घरं ह्या कामात, बायका डोईवर पाट्या वाहणाऱ्या. उन्हात पाय मिठाच्या पाण्यात आणि वर पाण्याची चकाकी डोळ्यांत. ज्यांनी हे काम केलं त्यांच्या पायांच्या भेगा जन्मभर भरत नसत, असं काकी सांगतात. त्यांची आत्या पेणकडं दिलेली होती, तिचे पाय त्यांनी पाहिलेले.

ह्या मिठावर १८३७ साली मुंबई इलाख्यात दर मणाला आठ आणे कर बसला. मण म्हणजे साधारण सदतीस किलो धरा. १८४४ मध्ये आठ आण्यांचा एक रुपया झाला. सुरतेला त्यावरून दंगल उसळली. मग १८६१ ला सव्वा रुपया, १८६५ ला दीड, १८६९ ला एक रुपया तेरा आणे, आणि १८७७ मध्ये अडीच रुपये! १८८२ ला दोन रुपयांवर आला, १८८८ ला पुन्हा अडीच. आता हा हिशेब आपल्या पद्धतीनं करून पाहा. पाच माणसांच्या घरात आमटी-भाजी, लोणचं, सुकट-बोंबील, मिरच्या भरणं असं सगळं धरून महिन्याला दोन किलो मीठ लागतं असं समजा. वर्षाचं चोवीस किलो. अडीच रुपये मणानं त्याच्यावर नुसता कर झाला एक रुपया दहा आण्यांच्या घरात. जिथं शेतावरच्या बाईची रोजी आण्यांत मोजली जायची, तिथं हा रुपया दहा आणे म्हणजे किती दिवस वाकून लावणी? शिवाय मीठ मुळात स्वस्त. मणामागं काही आण्यांची वस्तू, आणि तिच्यावर कितीतरी पट कर. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या घरात मीठ सारखंच लागतं. उलट गरिबाला जास्त, कारण त्याच्या पानात भाकरीबरोबर तेच असतं.

हे मीठ हलायचं कसं ते ऐका. आगरातली रास शेतकऱ्याची खरी, पण पहारा सरकारचा. कर भरल्याची पावती आणि परवाना असल्याशिवाय एक गोणी जागची हलायची नाही. वजन सरकारी माणसासमोर. गलबतात भरली की कागद तांडेलाजवळ, आणि वाटेत सरकारी होडीनं अडवलं तर कागदातल्या गोण्या आणि गलबतातल्या गोण्या जुळल्याच पाहिजेत. १८९० च्या मुंबई मीठ कायद्यानं ह्या सगळ्याला घट्ट चौकट बसवली. खाडीच्या कडेला उन्हाळ्यात आपोआप साचलेलं मीठ, ज्याला कुणाचा हात लागलेला नाही, तेसुद्धा खरवडून घरी नेणं हा गुन्हा. खारी मातीही न्यायची नाही. म्हणजे दाराशी मीठ पडलेलं आणि घरात आळणी आमटी.

काकींच्या सासूबाईंच्या तोंडून त्यांनी ऐकलेली गोष्ट अशी. खाडीकाठच्या घरातल्या बायका लुगड्याचा ओला पदर खाऱ्या मातीवर दाबायच्या, तो वाळवायच्या आणि घरी येऊन गोड्या पाण्यात पिळून त्या पाण्यात भात शिजवायच्या. खरंखोटं मी सांगू शकत नाही. पण गोष्ट सांगताना काकींनी पदराचं टोक चिमटीत धरून दाखवलं, त्या चिमटीत मला खोटं काही दिसलं नाही.

आणखी एक गंमत, गंमत कसली म्हणा. मुंबई इलाख्यात जकात, मीठ, अफू आणि आबकारी ही सगळी खाती एकाच कमिशनरसाहेबाच्या हाताखाली होती. बाहेरून येणारा विलायती माल, खाडीतलं मीठ, माळव्यातून मुंबईमार्गे चीनला जाणारी अफू आणि माडावरची ताडी, सगळ्यांचा हिशेब एकाच मेजावर. ठाणे आणि कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांसाठी तर १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. मोहाची दारू गाळतात म्हणून फुलं साठवण्यावरच बंधन! आमच्या कातकऱ्यांच्या घरात ती फुलं पोटाला लागायची, भाजून, उकडून खायची. पण मेजावरच्या माणसाला फुलात फक्त बुडालेला कर दिसला.

ह्या मूठ आवळण्याला हद्दसुद्धा आड आली नाही. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य. तिथलं मीठ स्वस्त, ते चोरून इकडं येणार. मग १८७८ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगालशी तह केला. १८८० ते १८९२ अशी बारा वर्षं गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती आणि त्याच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. सरकारांचं जमलं. गोव्यातल्या मिठागरवाल्यांचं आणि कोळणींचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा, कारण मीठ महागलं की मासळी सुकवायची कशी? रत्नागिरी, कारवारच्या किनाऱ्यावर पुढं सरकारनं मासळी खारवण्यासाठी वेगळे वाडे केले. तिथं बिनकराचं मीठ मिळे, पण तिथंच बसून, त्यांच्याच नजरेसमोर मासळी खारवायची. घरी न्यायचं नाही.

मला ह्या सगळ्यात कौतुक वाटतं ते १९३० सालच्या बायकांचं. दांडीच्या पाठोपाठ ६ एप्रिलला मुंबईच्या चौपाटीवर मीठ करायला जी पहिली तुकडी निघाली तीत दोन बायका होत्या, कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले. शिरोड्याला मे महिन्यात सत्याग्रह झाला, वडाळ्याच्या मिठागरावर माणसं धावून गेली. चूल पेटवून पातेल्यात खारं पाणी आटवणं हे बायकांचंच काम, त्यामुळं कायदा मोडायला त्यांना वेगळं शिकावं लागलं नाही. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात, जिथं मीठ तयार होतं तिथल्या खेड्यांतल्या लोकांना घरापुरतं आणि गावातल्या विक्रीपुरतं मीठ करायला, उचलायला मोकळीक मिळाली. आणि १ एप्रिल १९४७ पासून मिठावरचा तो करच उठला. काकी तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या. त्यांना कर उठल्याचं काही आठवत नाही. त्यांना त्या वर्षाचं दुसरंच आठवतं. त्याच्याकडं येते, पण आधी मुंबईच्या टोकाला जाऊ या.

इथून निघालेलं गलबत मुंबईला लागायचं, आणि तिथला कारभार आणखी मोठा. १८७३ साली मुंबईचा पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. त्याआधी धक्के, वखारी, गोदामं बरीच खासगी कंपन्यांच्या हाती होती, त्यांचे दर त्यांच्या मर्जीचे. मग मोठ्या गोद्या झाल्या, ससून १८७५, प्रिन्सेस १८८०, व्हिक्टोरिया १८८८, आणि १९१४ ची अलेक्झांड्रा, जिला आता इंदिरा गोदी म्हणतात. त्या आगबोटींच्या. शिडाच्या देशी गलबतांना मॅलेट बंदरासारखे धक्के. माल धक्क्यावर उतरवल्याचं भाडं वेगळं, वेळेत उचलला नाही तर दंड वेगळा. ‘डेमरेज’ हा शब्द कोकणातल्या अडाणी तांडेलालाही पाठ असे.

परदेशी मालाची जकात १८७८ च्या समुद्र जकात कायद्यानं चाले. त्यातली एक सोय मला फार आवडली. आपण नाही का, सराफाकडं दागिना बाजूला ठेवायला सांगतो आणि पैसे जमले की सोडवतो? तसं व्यापाऱ्यानं माल सरकारच्या कुलपातल्या वखारीत ठेवायचा. जोवर आत आहे तोवर जकात नाही. जेवढा बाहेर काढाल तेवढ्याची जकात भरा. परदेशी परत पाठवलात तर तीही नाही. व्यापाऱ्याचे पैसे अडकत नाहीत आणि सरकारचं बुडत नाही. ही पद्धत आजही चालू आहे. उरणच्या बाजूला गेलात तर न्हावा-शेवा बंदरामुळं, जे १९८९ साली सुरू झालं, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कंटेनरांच्या रांगा आणि गोदामंच गोदामं दिसतील. जुन्या मुंबईचं जकात घर मात्र फोर्टात टाउन हॉलजवळ आहे. तिथं आता जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आहे.

माणसांच्या वाहतुकीला आगबोटी होत्या. शेफर्ड कंपनीची नावं कोकणात घरोघर माहीत. स्वदेशीच्या वाऱ्यात निघालेली आपली ‘माझी आगबोट कंपनी’ही तितकीच लाडकी, आणि तिच्या बोटींना संतांची नावं. त्यातलीच ‘रामदास’. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. भर पावसाळ्याचे दिवस. तासाभराच्या आत, काशाच्या खडकाजवळ, एका अंगाला कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. बुडालेल्यांत अलिबाग, पेण आणि आसपासच्या गावांचे लोक पुष्कळ. काकींना आठवतं ते हे. त्यांच्या आळीतल्या एका घराच्या दारात दुपारपासून बायका बसून होत्या, आणि कुणी काही बोलत नव्हतं. बातमी पोचायलाच किती वेळ गेला! बोटीवर संदेश पाठवायचं साधन नव्हतं आणि पोहून निघालेली माणसं किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईलाही काही कळलं नव्हतं. मिठाच्या एका गोणीचा कागद दोन ठिकाणी तपासणाऱ्या कारभाराला बोटीतली माणसं आणि गळ्यात बांधायचे पट्टे ह्यांची बेरीज का जमली नव्हती, हा प्रश्न मी काकींना विचारला नाही.

रोह्याचं बंदर कसं संपलं? कुणी बंद केलं नाही. रस्ते झाले, मालमोटारी आल्या. खाडीत गाळ साचत गेला. धाटावला सत्तरच्या दशकात कारखाने आले, त्यांच्याबरोबर पगार आले आणि कुंडलिकेला सांडपाणीही आलं. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत पोचली, आणि १५ सप्टेंबर १९९० ला कोकण रेल्वेची कोनशिला इथंच बसली. एक दिवस शेवटचा पडाव गेला असेल, पण तो शेवटचा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नसणार. जंजिऱ्याचं संस्थान विलीन झालं, समोरासमोरचे कायदे गेले. आता लहान बंदरांचा कारभार १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडं आहे, राज्यभरात अठ्ठेचाळीस बंदरं. खाडीच्या मुखाशी साळावला पोलाद कारखान्याच्या धक्क्यावर बार्जा लागतात. त्या वर रोह्याकडं येत नाहीत.

इंग्रजांच्या वेळची एक पद्धत मात्र रोह्यानं सोडलेली नाही. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. ही इंग्रज अमदानीपासून चालत आली आहे. राज्य बदललं, गणवेश बदलले, पण देवाला सलामी आहेच. ज्यांना जमेल त्यांनी तेव्हा जावं, पहाटेची गर्दी सोसायची तयारी ठेवून.

जकातीची आणखी एक आठवण ह्या जिल्ह्यात आहे, ती काढावी की नाही ह्यावर आमच्यात दोन मतं झाली. मी काढतेच. सत्तर-ऐंशीच्या दशकात ह्या किनाऱ्यावर चोरटं सोनं, घड्याळं, नायलॉनच्या साड्या उतरायच्या. शहरात आपणही ‘फॉरेनची’ साडी नेसून मिरवत होतो आणि कुठून आली विचारत नव्हतो. वाटा त्याच, होड्या त्याच, आणि डोळेझाक करणारे हातही तेच. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला जे उतरलं ते सोनं नव्हतं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. नंतर न्यायालयात शिक्षा झालेल्यांत कस्टम खात्यातले अधिकारीही होते. काकी ह्यावर एवढंच म्हणाल्या, “पूर्वी मिठाची गोणी सोडत नव्हते गं.”

येताना आम्ही गाडी न घेता पेणमार्गे रस्त्यानं आलो. वडखळच्या अलीकडं-पलीकडं अजून काही मिठागरं आहेत. पूर्वीइतकी नाहीत, बरीच बुजली. रस्त्याकडेच्या एका बाईकडून मी दोन किलो जाडं मीठ घेतलं. आता तुम्हांला वापराचं सांगते. रोजच्या जेवणाला आयोडीनचंच मीठ घ्या. साधं, बिनआयोडीनचं मीठ खाण्यासाठी विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे, आणि ह्या वेळी सरकारनं मिठात हात घातला तो थायरॉइडच्या गाठी आणि मुलांची वाढ ह्यांसाठी. जाडं खडेमीठ मासे धुवायला, नळी साफ करायला, पितळ घासायला आणि पाय शेकायला उत्तम. बरणीत ठेवलंत तर तळाशी तांदळाचे मूठभर दाणे टाका, पावसाळ्यात पाझरणार नाही. प्लॅस्टिकपेक्षा चिनीमातीची बरणी बरी.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी : मुंबईकडून दिवा-पनवेलमार्गे रोह्याच्या गाड्या आहेत, एस.टी. आहेच. समुद्राची हौस असेल तर २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाडीसकट. तिथून अलिबाग, चौल, रेवदंडा करत खाडीच्या कडेकडेनं रोह्याला येता येतं. रेवदंड्याला पोर्तुगीज तटबंदी पाहा, पलीकडं कोर्लईचा किल्ला आहे. रोह्याला संध्याकाळी भरतीच्या वेळी नदीवर जा. पंचांगात तिथी बघून गेलात तर पाणी उलटं, डोंगराच्या दिशेनं चढताना दिसेल. मी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाहिलं. काठावर एक लाकडी ओंडका तरंगत होता, तो आधी खाली चालला होता, मग थोडा वेळ जागीच राहिला आणि मग सावकाश वर निघाला.